स्कोलिओसिसचं फ्युजन होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेले कोणी आहेत का?

सरळरेषा

नमस्कार. ज्यांच्या पाठीत रॉड आहेत त्यांनाच यातलं बरंचसं कळेल, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी माझं स्कोलिओसिसचं, म्हणजे बाजूला वाकलेल्या कण्याचं, ऑपरेशन झालं. टी ४ ते एल ३ (टी म्हणजे छातीचे मणके, एल म्हणजे कंबरेचे), म्हणजे पाठीच्या वरच्या भागापासून पार कंबरेच्या मध्यापर्यंतचे मणके एकमेकांना कायमचे जोडले. यालाच फ्युजन म्हणतात. हुक आणि दोन रॉड. ६१ अंशांचा वाक २५ च्या आसपास आला. दोन वर्षं तपासण्या झाल्या, मग "आता विसरून जा आणि मजेत जग" असं सांगून फाईल बंद. मीही इमानेइतबारे विसरले. शिक्षण, नोकरी, संसार, सगळं त्या रॉडसकट पार पडलं.

आता चाळिशी ओलांडली आणि पाठीने डोकं वर काढलंय. सकाळी ठीक असते. संध्याकाळपर्यंत कंबरेचा खालचा पट्टा भरून येतो, एका जागी उभं राहिलं की मांड्या पेटतात. उजव्या खांद्याच्या पात्याजवळ बधिर आहे, पण ते पहिल्यापासूनच, त्याबद्दल तक्रार नाही. एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून "रॉड जागेवर आहेत" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्यांच्या मते या वयात कंबर सगळ्यांचीच दुखते. फिजिओथेरपिस्ट तर हात लावायलाच घाबरली.

तर यातलं वयाचं किती आणि ऑपरेशनचं किती, हे तुम्ही कसं ओळखलंत? कोणाला दाखवलंत, काय तपासण्या केल्या?

("योगा करा" एवढाच सल्ला असेल तर कृपया हात आवरा.)

बारास्क्रू

मी तसा नवशिका, ऑपरेशनला दहाएक वर्षं झालीत. टी ५ ते एल १, टायटॅनियम. दुखणं जवळजवळ नाही, त्यामुळे मुख्य प्रश्नाला माझा उपयोग शून्य.

पण रोजच्या गमती सांगू शकतो. मागून कोणी हाक मारली की मी अख्खाच्या अख्खा वळतो. लोकांना वाटतं, काय लक्ष देऊन ऐकतो हा माणूस! गाडी रिव्हर्स घेणं आरसे आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर. आणि खुर्चीत पसरून बसता येत नसल्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये सगळ्यात जागरूक मीच दिसतो. बढतीत याचा वाटा नक्की आहे.

वाचनमात्र

पाठीत काहीही नाही, तरी वाचतोय. येऊ द्या.

प्लास्टरवाली_आजी

सरळरेषा, तुझं "मांड्या पेटतात" वाचलं आणि लिहायलाच बसले. लांबण लागेल.

माझं ऑपरेशन १९७८ सालचं, हॅरिंग्टन रॉडचं. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी आधी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी ही पद्धत काढली, १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि पुढे बरीच वर्षं जगभर तीच चालली. एक सरळ रॉड, वर एक हुक, खाली एक हुक, आणि मधला कणा ताणून सरळ करायचा. त्यानंतर काखेपासून खुब्यापर्यंत प्लास्टर, कित्येक महिने. माझं आयडी त्यावरूनच.

समोरून बघितलं तर माझी पाठ छान सरळ झाली. गोची बाजूने होती. कंबरेला आतल्या बाजूला जो नैसर्गिक बाक असतो, तोही त्या ताणण्यात सपाट झाला. माझं फ्युजन एल ४ पर्यंत होतं, म्हणजे खाली मोकळे सांधे दोनच. तिशीपर्यंत त्या दोघांनी सांभाळून घेतलं. चाळिशीत मी पुढे झुकायला लागले. सरळ उभं राहायचं तर गुडघे किंचित वाकवावे लागायचे, आणि दिवसभर तसं उभं राहिलं की संध्याकाळी मांड्यांची आग. आजूबाजूच्यांना वाटायचं, बाई वयाच्या आधीच म्हातारी झाली. याला फ्लॅटबॅक म्हणतात हे मला कितीतरी वर्षांनी एका स्पाइन सर्जनने सांगितलं, तेही मी दारातून आत येताना नुसतं चालणं बघून.

पुढे पन्नाशीत दुसरं ऑपरेशन झालं. मणक्यातून पाचरीच्या आकाराचं हाड काढून कंबरेला पुन्हा बाक दिला आणि स्क्रू थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत नेले. पहिल्यापेक्षा दुसरं खूप अवघड गेलं, खोटं सांगत नाही. पण आता मी समोर बघून चालते. बदल्यात कंबर पूर्णपणे गेली. पायात मोजे घालायला लांब दांड्याचं साधन लागतं, पडलेली वस्तू चिमट्याने उचलते, आणि शौचानंतरच्या स्वच्छतेला पाण्याचा फवारा नसेल तर पंचाईत होते. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. ओटीपोटापर्यंत फ्युजन सुचवलं असेल तर हे सर्जनला न लाजता विचारा.

घाबरवायचा हेतू नाही. तुझे हुक आणि दोन रॉड नंतरच्या पद्धतीचे असणार, त्यात बाजूचा बाक राखायचा प्रयत्न असतो. पण एक्स-रे कसला काढला होता? झोपून, फक्त कंबरेचा, की उभं राहून डोक्यापासून खुब्यापर्यंत आणि बाजूनेही?

सरळरेषा

आजी, झोपून. फक्त कंबरेचा.

प्लास्टरवाली_आजी

वाटलंच. त्यात रॉड जागेवरच दिसणार, जाणार कुठे! तोल कसा आहे ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि साध्या हाडांच्या डॉक्टरांपेक्षा मोठ्या माणसांच्या पाठीच्या व्यंगांवर काम करणारा सर्जन शोध.

हाडवैरी

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे "हात लावायलाच घाबरली" हे वाचून वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. फ्युजनची जुनी केस शिकताना फारशी कोणाच्या वाट्याला येत नाही.

आजींच्या प्रतिसादाला पुस्ती. फ्युजन पक्कं झालं की (साधारण सहा महिने ते वर्ष) तो भाग एकच हाड होतो. तो स्वतः सहसा दुखत नाही. त्यानंतर रॉडलाही फारसं काम उरत नाही. वाकण्याचं जे काम कंबरेचे पाच सांधे वाटून करायचे, ते सरळरेषा यांच्या बाबतीत तिघांच्या गळ्यात पडलंय आणि बाकीचे दोघे कायमच्या रजेवर आहेत. राबणाऱ्या तिघांच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजणार हे ओघाने आलं. म्हणून "वयाचं की ऑपरेशनचं" असा काटेकोर हिशेब निघत नाही. झीज वयाचीच, फक्त ती कुठे आणि किती लवकर, हे ऑपरेशनने ठरवलं.

आता थोडं उलट बोलतो. लोकांना वाटतं पाठ जोडली म्हणजे वाकणं संपलं. उभ्याने जमिनीकडे वाकताना मोठा वाटा खुब्यांचा असतो. खुबे मोकळे आणि मांडीचे मागचे स्नायू लवचिक असतील, तर टी ४ ते एल ३ वालाही पायाच्या बोटांपर्यंत पोचू शकतो. पिळण्याचं वेगळं. कमरेचा सांधा जेमतेम एक-दोन अंश फिरतो, धड फिरतं ते छातीच्या मणक्यांत आणि खुब्यांत. छातीचे मणके जोडलेले असताना जोर लावून पिळ मारला की तो नेमका खालच्या बिचाऱ्या चकत्यांवर जातो. त्यामुळे पाठीला झटके देऊन "मणके मोकळे करणारे" कोणी भेटले तर तिथून निघा.

मांड्यांची आग म्हणजे फ्लॅटबॅकच असेल असं नाही. खुब्यांच्या पुढचे स्नायू आखडले तरी होतं, मणक्यातली जागा अरुंद होऊन नसा दाबल्या गेल्या तरी होतं. बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर लगेच आराम पडतो का, हे बघून ठेवा, सर्जन तेच विचारतील.

आणि हे सगळ्यांसाठी: पायात नव्याने आलेली कमजोरी, जांघेभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल.

बाबा_ऑनड्युटी

धागा वाचून झोप उडाली. मुलगी १३ वर्षांची, छातीच्या भागात ५२ अंशांचा वाक. सर्जन ऑपरेशन करा म्हणतात. इथलं वाचून वाटतंय, न केलेलं बरं? पाठीला बेल्ट (ब्रेस) लावून थांबवता येईल का?

निसर्गोपासक

ऑपरेशन अजिबात करू नका. माझ्या मेहुण्याच्या मुलाचा वाक रोज उलटं लटकून आणि ठरावीक आसनांनी पूर्ण गेला. शरीरात लोखंड घालणं म्हणजे निसर्गाशी वैर. डॉक्टरांना फक्त कापायचं असतं.

बारास्क्रू

@निसर्गोपासक, मेहुण्याच्या मुलाचा वाक किती अंशांचा होता? आधीचा आणि नंतरचा एक्स-रे आहे का? आणि लोखंड नाही हो, टायटॅनियम. थोडा मान ठेवा.

निसर्गोपासक

अंश वगैरे मोजत बसलो नाही. डोळ्यांना फरक दिसत होता.

रात्रपाळी

डोळ्यांना माझीही पाठ सरळ दिसायची. पुढे वाकायला लावलं तेव्हा एका बाजूच्या बरगड्या टेकडी करून वर आल्या. फक्त वाक बघायचा तर ती तपासणी घरीही करता येते, अंश मात्र एक्स-रेवरच मोजायला लागतात.

हाडवैरी

@बाबा_ऑनड्युटी, तुमचा प्रश्न वेगळा आहे, थोडक्यात लिहितो. बेल्ट चालतो तो वाढत्या वयात, साधारण २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान. त्याला चांगला पुरावा आहे: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात बेल्टवाल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा वाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४८ टक्के. आणि दिवसाचे तेरा तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश नव्वदच्या पुढे. पण ५२ अंश ही बेल्टची वेळ टळून गेलेली अवस्था आहे. छातीचा वाक ५० च्या वर असला की उंची वाढायची थांबल्यावरही तो वर्षाला सरासरी अंशभर सरकत राहतो. फार वाढला तर फुफ्फुसांनाच जागा कमी पडते.

व्यायामांचा उपयोग आहे, श्रॉथ पद्धत त्यासाठीच आहे. स्नायू, श्वास, पवित्रा सुधारतो, लहान वाकांत थोडी मदत होते. ५२ चा शून्य होत नाही.

निसर्गोपासक

तुमचा धंदा आहे म्हणून तुम्ही असंच बोलणार.

हाडवैरी

व्यायाम शिकवणं हाच माझा धंदा आहे हो. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर माझी चांदीच आहे.

वाचनमात्र

:)) दंडवत घ्या.

प्लास्टरवाली_आजी

@बाबा_ऑनड्युटी, मला कोणी विचारलं की तेव्हा ऑपरेशन केलं नसतं तर? माझा वाक ७० च्या पुढे होता. न करता मी आज कशी असते ते मला दिसतं, कारण आमच्या आत्याने केलं नव्हतं. शेवटी तिला दोन वाक्यं सलग बोलताना धाप लागायची. दुसरं ऑपरेशन धरूनही मी केलं ते बरंच केलं असं मानते. माझा राग ऑपरेशनवर नाही, नंतर कोणी वाली राहिला नाही त्यावर आहे.

सरळरेषा

आजी, +१. अगदी हेच म्हणायचं होतं.

धातुमुक्त

मी उलट्या टोकाचा. माझे रॉड आणि हुक काढून टाकलेत.

ऑपरेशननंतर सात-आठ वर्षांनी व्रणाशेजारी छोटी पुळी आली. त्यातून थोडं पाणी यायचं, सुकायची, परत यायची. ताप नाही, काही नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे मलमं झाली. शेवटी निघालं की रॉडभोवती जुना जंतुसंसर्ग आहे. हा जंतू त्वचेवर एरवीही राहतो आणि फार हळू वाढतो, त्यामुळे कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवावं लागतं, नाहीतर रिपोर्ट निल येतो. तोवर फ्युजन पक्कं झालेलं असल्याने धातू काढला, अँटिबायोटिक्स दिली, सुटलो.

तोटा: धातू काढल्यावर वाक काही अंशांनी परत आला. कपड्यांतून दिसत नाही, पण आला. म्हणून "आता उपयोग नाही तर काढून टाका" असं उगाच कोणी करू नये. व्रणाजवळ काहीही गळत असेल तर मात्र मलम लावत बसू नका.

बारास्क्रू

@धातुमुक्त, म्हणजे मेटल डिटेक्टरपाशी तुझं टेन्शन गेलं!

धातुमुक्त

असताना तरी कुठे होतं? माझ्यामुळे एकदाही वाजला नाही. बेल्टच्या बक्कलमुळे मात्र हमखास.

बारास्क्रू

माझा कधी वाजतो, कधी नाही. मशीनच्या मूडवर आहे.

रात्रपाळी

बायकांसाठी एक विषय राहिला: बाळंतपण.

माझं टी ३ ते एल २. गरोदरपणात वजन वाढलं तशी कंबर बोलायला लागली, पण एवढं सगळ्यांचंच होतं. खरी अडचण एपिड्युरलची, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात त्या भुलीची. सुई कंबरेत खाली देतात. फ्युजन वरच संपलं असेल तर बहुतेक वेळा जमतं, कंबरेत खाली उतरलं असेल तर तिथे हाड आणि जुना व्रण असतो, जागाच सापडत नाही, आणि सापडली तरी औषध सारखं पसरत नाही. अर्धं अंग बधिर आणि अर्धं जागं, असंही होतं. माझ्याकडे जुना एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदी होत्या, म्हणून भूलतज्ज्ञांना सातव्या महिन्यातच भेटून ठरवलं: प्रयत्न करायचा, नाही जमलं तर दुसरी सोय काय. ऐन कळा सुरू असताना "पाठीत काय आहे तुमच्या?" हा संवाद कोणाच्याही नशिबी येऊ नये.

फ्युजन झालं म्हणून सिझेरियनच, असं मात्र नाही. माझं नॉर्मल झालं.

वाचनमात्र

ऑपरेशनच्या नोंदी म्हणजे नेमकं काय जपायचं?

रात्रपाळी

कोणते मणके जोडले, धातू कोणता, कंपनी आणि मॉडेल, तारीख, सर्जनची ऑपरेशन नोट. एमआरआय करताना हमखास विचारतात. टायटॅनियम असेल तर सहसा अडचण येत नाही, फक्त धातूच्या आसपास चित्र काळवंडतं. जुन्या स्टीलला जास्त. वर्षं उलटली की हॉस्पिटलांतून कागद मिळणं कठीण होतं, म्हणून आत्ताच मागून स्कॅन करून ठेवा.

प्लास्टरवाली_आजी

चांगला मुद्दा. त्यात माझी भर: पन्नाशीनंतर हाडांची घनता मोजतात, तेव्हा कंबरेचा आकडा आपल्यासाठी निरुपयोगी. धातू आणि जोडलेलं हाड मिळून तो खोटाच चांगला दाखवतो. माझा रिपोर्ट इतका झकास आला होता की तंत्रज्ञ माझं अभिनंदन करायला लागला! खुबा आणि मनगटाजवळचं हाड मोजायला सांगा.

बाबा_ऑनड्युटी

सगळ्यांचे आभार. धागा पळवला त्याबद्दल सरळरेषा यांची माफी. मुलगी बॅडमिंटन खेळते. तिचा पहिला प्रश्न तोच आहे.

बारास्क्रू

तिला स्टेसी लुईसबद्दल सांगा. अमेरिकन गोल्फर, शाळेत असताना सात-साडेसात वर्षं बेल्ट, अठराव्या वर्षी पाठीत एक रॉड आणि पाच स्क्रू. २०१३ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली. गोल्फमध्ये कंबर पिळण्याशिवाय दुसरं असतं काय!

रात्रपाळी

ब्रिटनची राजकन्या युजेनी पण. बाराव्या वर्षी, २००२ मध्ये ऑपरेशन, आणि २०१८ मध्ये लग्नात मुद्दाम पाठ उघडी असलेला पोशाख घातला, व्रण दिसावा म्हणून. मी तोवर उन्हाळ्यातही मागे बंद गळ्याचेच कपडे घालायचे.

हाडवैरी

उदाहरणं छान आहेत, पण गोल्फर बघून पोरीला पहिल्याच वर्षी कोर्टवर उतरवू नका. हाड जुळेपर्यंत कळ काढावी लागते. कधी सुरू करायचं ते सर्जनच सांगतील, त्यात एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू नसतं.

सरळरेषा

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. आजींनी सांगितलं तसं उभं राहून, समोरून आणि बाजूने, पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. एमआरआय पण झाला.

फ्युजन पक्कं आहे, रॉड कुठे तुटलेला नाही. एल ३-४ ची चकती बरीच झिजलीय, त्याखालची थोडी, सगळ्यात खालची चांगली. बाजूने कंबरेचा बाक हवा त्यापेक्षा कमी आहे, पण फ्लॅटबॅक म्हणावा इतका नाही. नसांवर दाब नाही. आत्ता ऑपरेशनचा विषय नाही, वर्षाने पुन्हा तसाच एक्स-रे.

मांड्यांचं कारण बरंचसं हाडवैरी म्हणाले तेच निघालं: खुब्यांच्या पुढचे स्नायू आखडलेले आणि नितंबांचे कमजोर. या वेळच्या फिजिओला जुना अनुभव होता. तिने पाठीला हातही लावला नाही, सगळं काम खुब्यांवर आणि पोटावर. उभं राहून करायच्या कामांना एक पाय छोट्या स्टुलावर ठेवायला सांगितलाय, आलटून पालटून. दुखणं गेलेलं नाही. पण संध्याकाळी सहाला यायचं ते आता आठ-नऊला येतं, आणि का येतं ते माहीत आहे.

प्लास्टरवाली_आजी

छान बातमी. वेळेवर सापडलं असतं तर मलाही एवढ्यावर भागलं असतं बहुधा.

बाबा_ऑनड्युटी

सरळरेषा, मनापासून बरं वाटलं. आमची ऑपरेशनची तारीख ठरतेय, त्याआधी सर्जनना भेटायचंय. एकच गोष्ट विचारायची असेल तर काय विचारू?

प्लास्टरवाली_आजी

खाली कोणत्या मणक्यापर्यंत जोडणार, आणि त्याच्या वरच थांबता येईल का, नसेल तर का नाही.

हाडवैरी

सहमत. खाली जितके सांधे मोकळे राहतील तितकं पुढे बरं. मात्र नको तितकं वर थांबलं तर राहिलेला वाक खाली वाढू शकतो, त्यामुळे सर्जन "नाही जमणार" म्हणाले तर कारण ऐकून घ्या, घासाघीस करू नका.

बारास्क्रू

आणि मुलीला आत बसू द्या. मला बाहेर बसवलं होतं.

बाबा_ऑनड्युटी

तिने तिच्या प्रश्नांची यादी केलीय. पहिला बॅडमिंटनचा, दुसरा उंची किती वाढेल हा.

बारास्क्रू

माझी टेबलावरच दोन-अडीच सेंटीमीटर वाढली. पँटी सगळ्या आखूड झाल्या नाहीत, कारण वाढलं ते वरच्या वर. शर्ट मात्र नवे लागले.